ड्रोन हाती घेण्यापूर्वी

स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने ड्रोनवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मागील दोन-तीन वर्षांत पालकसभा संपल्यावर आमच्याकडे थांबून जे प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘पोराला ड्रोन पाहिजे, घेऊन द्यावा का?’ हा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण लग्नसमारंभाच्या छायाचित्रणात शिरले आहेत, काहींच्या शेतात फवारणीचा ड्रोन येऊन गेला आहे, आणि एका माजी विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगशाळेला एक लहानसा ड्रोन भेट दिला आहे. त्याची यंत्रणा विज्ञानाचे सहकारी उत्तम शिकवतात. तो कोठे, केव्हा आणि कोणाच्या डोक्यावर उडवावा हा प्रश्न मात्र निम्मा समाजशास्त्राचा आहे, म्हणून तो आमच्या वाट्याला आला.

२०२४ च्या पावसाळ्यात काय घडले ते संगमनेरकरांना आठवत असेल. जूनच्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत, रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालतात अशी चर्चा सुरू झाली. बघता बघता ती अहमदनगर जिल्ह्यात (तेव्हा जिल्ह्याचे नाव अजून तेच होते) आणि पुढे मराठवाड्यात पसरली. चोरटे ड्रोनमधून घरांची टेहळणी करतात आणि नंतर दरोडा घालतात, अशी समजूत पक्की होत गेली. वाड्यावस्त्यांवर माणसे काठ्या घेऊन जागू लागली. जुलै महिन्यात हा विषय विधिमंडळातही निघाला. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका असे आवाहन केले. पण रात्री अकरा वाजता दूर एक लाल ठिपका दिसला की आवाहन कोणाच्या लक्षात राहते?

आम्हाला त्या दिवसांत भीती ड्रोनची वाटत नव्हती, काठ्यांची वाटत होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याची मोबाइलवरची अफवा खरी मानून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेकरी होते, परगावचे होते, ओळखीचे नव्हते. अफवेला नेहमी एक चेहरा लागतो आणि तो चेहरा गावाच्या मध्यभागी राहणाऱ्याचा क्वचितच असतो. म्हणून आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेला, कष्टाच्या पैशाने ड्रोन घेतलेला एखादा तरुण संध्याकाळी अनोळखी गावाच्या शिवारात तो उडवत उभा राहिला, तर त्याला काय सोसावे लागू शकते, याचा विचार यंत्राच्या माहितीपुस्तिकेत कोठेही सापडणार नाही. तो आपणच करायचा आहे.

अशी घबराट केवळ आपल्याकडेच होते असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तेने जवळजवळ दीड दिवस विमाने थांबली. सुमारे एक हजार उड्डाणे आणि एक लाख चाळीस हजार प्रवासी यांना त्याचा फटका बसला. जवळच राहणाऱ्या एका पतिपत्नीला संशयावरून पकडण्यात आले, वृत्तपत्रांनी त्यांची नावे-छायाचित्रे छापली, आणि पुढे ती दोघे निर्दोष म्हणून सोडून द्यावी लागली. तो ड्रोन आजतागायत कोणाच्या हाती लागलेला नाही. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लोकांनी रात्रीच्या ड्रोनविषयी हजारो तक्रारी केल्या; तपासात त्यांतले कितीतरी दिवे साध्या विमानांचे, नियमानुसार उडणाऱ्या ड्रोनचे, काही तर ताऱ्यांचे निघाले. सुशिक्षित, श्रीमंत देशातही काळोख डोळ्यांना फसवतोच. काळोखात एकाच स्थिर ठिपक्याकडे टक लावून पाहिले तर तो हलतो आहे असा भास होतो, ही डोळ्यांची जुनी खोड आहे. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. उपग्रह लुकलुकत नाही, शांतपणे एका रेषेत सरकत जातो आणि काही मिनिटांत दिसेनासा होतो. छंदाचा ड्रोन शंभरेक मीटरच्या आत आला की मोहोळ उठल्यासारखी घोंघों ऐकू येते, आणि एका बॅटरीवर तो साधारणपणे वीस-तीस मिनिटे हवेत राहतो; रात्रभर घिरट्या घालणे त्याच्या आवाक्यातले नाही. ऐकीव आहे, पुष्कळ जण म्हणतात, एवढ्याने एखादी गोष्ट खरी मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. गस्तीवर जाणाऱ्या तरुणांना हे चार ठोकताळे जरी माहीत असले तरी त्या उपदेशाला हात-पाय फुटतील.

आता यंत्राकडे वळू. ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. १९३५ च्या सुमारास ब्रिटिशांनी तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओवर चालणारे, वैमानिक नसलेले ‘क्वीन बी’ नावाचे विमान तयार केले. राणीमाशीच्या त्या नावावरूनच पुढे ‘ड्रोन’ हे नाव रूढ झाले असे सांगतात. त्याही आधी १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये तारेविना चालणारी छोटी नाव लोकांसमोर पाण्यात फिरवून दाखवली होती. (येथे एखादा वाचक १८९५ च्या चौपाटीवरील तळपदे यांच्या विमानाची आठवण काढील. त्या उड्डाणाचा समकालीन, विश्वासार्ह पुरावा नाही आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार सांगितला जातो, त्यातील विमाने उडू शकत नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच काढला आहे. इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगत आलो आहोत, येथेही सांगून ठेवतो.)

आज बाजारात मिळणाऱ्या छंदाच्या ड्रोनला बहुधा चार पंखे असतात. दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट दिशेने, म्हणून तो स्वतःभोवती गरगरत नाही. चारही पंख्यांची गती वाढली की तो वर चढतो. मागच्या दोघांची वाढली की नाक खाली करून पुढे जातो. हे संतुलन आतले संवेदक आणि एक छोटा संगणक दर क्षणी सांभाळत असतात. महागड्या ड्रोनमध्ये जीपीएस असते, त्यामुळे दांड्यांवरचा हात काढला तरी तो एका जागी तरंगत राहतो. दीड-दोन हजारांच्या खेळण्यात ते नसते. तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. शिकण्यासाठी मात्र आम्ही आधी हे स्वस्त खेळणेच घ्यावे असे म्हणू. पंख्यांभोवती प्लॅस्टिकचे कडे असलेला, चार-दोनदा आपटला तरी जीव हळहळणार नाही असा. ज्याला वाहणारा ड्रोन आवरता येतो, त्याच्या महागड्या ड्रोनचे जीपीएस एखाद्या दिवशी बंद पडले तरी हात कापत नाहीत. ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी उड्डाणाच्या सरावाचा एखादा खेळ त्यावर घ्यावा. तेथे हजार वेळा कोसळले तरी खर्च शून्य.

रिमोटला दोन दांड्या असतात. प्रचलित मांडणीत डावी दांडी वर-खाली केली की ड्रोन चढतो-उतरतो, डावी-उजवीकडे केली की जागच्या जागी वळतो. उजवी दांडी त्याला पुढे-मागे आणि आडवे नेते. पहिले दोन-तीन दिवस फक्त एवढेच करावे: ड्रोनची पाठ आपल्याकडे, आपण तीन-चार मीटर मागे उभे, डोळ्यांच्या उंचीवर तो उचलायचा, मिनिटभर एका जागी धरायचा, हलकेच उतरवायचा. त्यानंतर मैदानावर चार विटा ठेवून चौकोनात फिरवायचा. खरी अडचण त्यापुढे येते. ड्रोनचे नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. आपण दांडी डावीकडे नेतो आणि तो आपल्या उजवीकडे पळतो. घाबरून आणखी जोरात डावीकडे नेली की थेट भिंतीवर. नवशिक्यांचे पहिले अपघात फार करून याच क्षणी होतात. त्यावर उपाय एकच: नाक आपल्याकडे ठेवून तो नुसता तरंगत ठेवण्याचा सराव, कंटाळा येईपर्यंत. मग इंग्रजी आठाचा आकडा. हे सारे डोक्याहून फारसे वर न जाता करता येते, पण मुलांना उंचीची घाई असते. त्यांना एक हिशेब करायला लावावा. पन्नास मीटरवरून सुटलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, सुमारे सव्वातीन सेकंदांत जमिनीवर येते आणि तेव्हा तिचा वेग ताशी एकशे दहा किलोमीटरच्या आसपास असतो. हवेचा अडथळा धरून तो काहीसा कमी होईल. तरीही पाव किलोचा दगड त्या वेगाने कोणाच्या डोक्यात बसू नये.

वाऱ्याचा हिशेबही कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आणि वारा सेकंदाला ६ मीटर आहे. वाऱ्याच्या दिशेने निघालो तर चारशे मीटर अंतर पंचवीस सेकंदांत कापले जाते, मजा वाटते. परत येताना उरलेला वेग फक्त ४ मीटर, म्हणजे तेच अंतर यायला शंभर सेकंद. अर्धी बॅटरी संपल्यावर परत फिरणारा मुलगा येथेच फसतो. म्हणून सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करावी, येताना वारा साथ देतो. जमिनीवर झुळूक असली तरी वर वारा जास्त असतो, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पठार भागावर आणि चंदनापुरी घाटाच्या अंगाला जो वारा सुटतो, त्यात लहान ड्रोन काढूच नये. उतरवतानाही तो विहिरीत बादली सोडल्यासारखा सरळ खाली झपाट्याने आणू नये. तो स्वतःच ढवळलेल्या हवेत सापडून डगमगतो. थोडे पुढे सरकत, तिरके उतरावे.

ज्या ड्रोनला ‘घरी परत’ येण्याची सोय आहे, तिच्यावर लोक फार विसंबून राहतात. संपर्क तुटला की तो ठरलेल्या उंचीवर चढून उड्डाणाच्या जागी सरळ रेषेत परततो. ती उंची आपणच आधी ठरवायची असते. आजूबाजूचे सर्वांत उंच झाड, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर यांहून ती दहा-पंधरा मीटर जास्त हवी, नाही तर तो आज्ञाधारकपणे वडाच्या झाडात शिरेल. शिवाय जीपीएस पक्के होण्याआधीच घाईने उडवला तर ‘घर’ कोणते हे त्यालाच ठाऊक नसते. आणि विजेच्या तारा? त्या कॅमेऱ्यात जवळजवळ दिसतच नाहीत. शिवारातील डीपी, शेतपंपाच्या तारा, उच्चदाबाच्या वाहिन्या यांची जागा उड्डाणापूर्वी पायी फिरून पाहावी. तारेला अडकलेला ड्रोन बांबूने काढायला जाऊ नये. महावितरणच्या माणसाला बोलवावे, मग ड्रोन गेला तरी चालेल.

आपल्या तालुक्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली प्रवरा. नदीवरून, बंधाऱ्यावरून खाली उतरत उडवण्याचा मोह होतो, पण ड्रोनच्या पोटाशी असलेले संवेदक जमिनीवरील खुणा पाहून स्थिर राहतात आणि हलत्या, चकाकत्या पाण्यावर ते गोंधळतात. पाण्यावर उडवायचेच तर चांगली उंची ठेवावी. दुसरी गोष्ट ऊस. दहा-बारा फूट वाढलेल्या फडात पडलेला ड्रोन शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे, आणि आपल्याकडे त्या फडात बिबट्याची मादी पिलांसह असू शकते. अंधार पडू लागला असेल तर कोणीही आत जाऊ नये. सकाळी शेताच्या मालकाला सांगून, दोघा-तिघांनी, आवाज करीत जावे. मालकाला आधी सांगणे ही नुसती रीत नव्हे. विचारल्याशिवाय शिरलेल्या पोरावर पीक तुडवल्याचा आणि आणखी कशाकशाचा आरोप होऊ शकतो.

बॅटरीविषयी जास्त लिहावे लागते, कारण घरात आग लागण्याचा धोका तिच्यामुळे असतो. ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी असते. तिचा एकेक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. साडेतीनच्या खाली नेऊ नये. आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवून द्यावी. पूर्ण भरून महिनाभर कपाटात ठेवलेली बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचून पाहायची नाही, हे मुलांच्या मनावर ठसवले पाहिजे. चार्जिंग तिच्या ठरलेल्या चार्जरवरच, फरशीवर, कोणी तरी जागे आणि जवळ असताना करावे. वसतिगृहात रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपणे आमच्याकडे सक्त मना आहे. ज्या घराला पत्र्याचे छप्पर आणि एकच खोली आहे तेथे तर हा नियम आणखी कडक पाळावा. जवळ कोरड्या वाळूची बादली असू द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला जातो. बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत बॅटरी विसरू नये, आणि उड्डाणानंतर गरम असताना लगेच चार्जिंगला लावू नये. उडवताना तीस टक्के उरली की उतरायला सुरुवात करावी.

कायद्याचे म्हणाल तर २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम लागू केले आणि त्यांनी पूर्वीची पुष्कळ गुंतागुंत काढून टाकली. वजनावरून वर्ग पडतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, त्यापुढे मध्यम आणि मोठे. नॅनो उडवायला दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही, केवळ हौसेसाठी उडवत असाल तर, लागत नाही. पण २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची शासनाकडे नोंदणी करून त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या नुकसानीचा विमाही लागतो. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर, संशोधन-संरक्षणासारखे अपवाद वगळता, बंदी आहे. तरी ‘बाहेरून आणलेला’ माल दुकानात मिळतो. ‘याला ओळख क्रमांक मिळेल, असे बिलावर लिहून द्या’ एवढे दुकानदाराला म्हणून पाहावे. तो लिहून देतो की विषय बदलतो, त्यावरून काय ते कळते.

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी येथे थांबून वाचावे. पैसे घेऊन उडवणे हा व्यवसाय आहे. त्यासाठी २५० ग्रॅमवरील ड्रोनला प्रमाणपत्र लागते, आणि ते मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतूनच मिळते. वय १८ ते ६५ आणि दहावी उत्तीर्ण एवढीच मूळ पात्रता आहे. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींना ही पात्रता आहे, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीच्या ड्रोनवर काम आणि प्रशिक्षण चालते, ते आपल्याला दूर नाही. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना फवारणीच्या ड्रोनसाठी ८० टक्क्यांपर्यंत, कमाल आठ लाख रुपये, अर्थसाहाय्य ठरवलेले आहे. योजना देशभरातील पंधरा हजार गटांपुरती होती, म्हणजे गावागावांत पोहोचणारी नव्हे. आपल्या वस्तीतील गटांनी चौकशी तरी केली का, असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे उत्तर येते.

कोठे उडवायचे याचा नकाशा शासनाच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र, तेथे विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. शिर्डीचा विमानतळ काकडी येथे आहे. संगमनेर शहर त्यापासून हवाई अंतराने वीस किलोमीटरच्या आसपास पडते. परंतु तालुक्याच्या ईशान्येकडील, तळेगाव दिघे बाजूची गावे त्या मानाने बरीच जवळ आहेत. तेथील पालकांनी नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उडवू देऊ नये, विशेषतः २०२५ पासून शिर्डीला रात्रीची विमानेही उतरू लागल्यानंतर. नगरजवळचे लष्करी क्षेत्र, नाशिकजवळचे देवळाली, यांच्या आसपास तर ड्रोन पिशवीतून काढू नये. नकाशाही बदलतो: मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला तेव्हा मुंबईसह अनेक ठिकाणी ड्रोन उडवण्यावर तात्पुरती बंदी आली होती. म्हणून गेल्या महिन्यात पाहिला होता, हे उत्तर चालत नाही.

हिरव्या रंगाने सगळे मोकळे होते असेही नाही. सहलीला त्रिरश्मी लेणी, वेरूळ, अजिंठा येथे गेलेल्या मुलांना तेथून ड्रोन उडवावासा वाटतो. संरक्षित स्मारकांवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते. शिवाय लेण्यांच्या कड्यांना आग्या मोहोळे असतात. त्या घोंघावणाऱ्या नर माशीने खऱ्या माशा उठवल्या तर खाली उभ्या असलेल्या शंभर उपासकांचे काय होईल, याची कल्पना करावी. अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनविभागाला विचारल्याशिवाय उडवू नये. घारीही ड्रोनवर झडप घालतात. घार फिरताना दिसली तर सरळ उतरून यावे, पक्ष्याशी स्पर्धा करू नये.

आणि संक्रांत. येवल्याच्या पतंगोत्सवाची हवा संगमनेरपर्यंत येते. येवला आपल्याला १३ ऑक्टोबर १९३५ च्या बाबासाहेबांच्या घोषणेमुळे जवळचे, इतरांना पतंगांमुळे. त्या दिवसांत आकाशात मांजा असतो, तो दिसत नाही, आणि बंदी असूनही त्यातला काही नायलॉनचा असतो. पंख्याच्या दांड्याला एक वेढा पडला की मोटर थांबते आणि ड्रोन दगडासारखा खाली येतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ड्रोनला सुट्टी द्यावी हे बरे.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीविषयी आम्हाला जरा कडक बोलावे लागेल. वरून काढलेले निळ्या झेंड्यांचे चित्रीकरण सुंदर दिसते, हे आम्हीही मान्य करतो. पण गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेणे म्हणजे आपल्याच आयाबहिणींच्या डोक्यावर तो लटकवणे आहे. तेथे शेकडो मोबाइल, ध्वनियंत्रणा, रस्त्यावरच्या तारा, उष्ण हवा असते आणि उतरायला मोकळी जागा नसते. चित्रीकरण हवेच असेल तर मंडळाने मिरवणुकीच्या परवानगीच्या अर्जातच ड्रोनचा उल्लेख करावा, प्रमाणपत्रधारक माणूस घ्यावा, आणि त्याने मिरवणुकीच्या बाजूने, मोकळ्या जागेवर ड्रोन ठेवून तिरके चित्र घ्यावे. तिरक्या चित्रात चेहरे दिसतात, वरून नुसती डोकी.

दुसऱ्याच्या घराचे तसेच. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, नदीच्या घाटावर धुणे-आंघोळीला आलेल्या बायका, न्हाणीघराला छप्पर नसलेली घरे हे सारे वरून दिसते. एखाद्या स्त्रीचे खासगी क्षण तिच्या नकळत टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. ‘चुकून आले’ असे म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून वस्तीवरून जाताना कॅमेरा बंद ठेवावा. त्याहून बरे म्हणजे वस्तीवरून जाऊच नये.

आता पुन्हा गावाकडे. आमचा अनुभव असा की ड्रोन उडवणारा लपून उडवतो तेव्हाच तो संशयित ठरतो. नव्या जागी जायचे तर आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना सांगावे. शहरात असाल तर पोलीस ठाण्यात जाऊन यावे. नियमात प्रत्येक वेळी याची सक्ती नाही, परंतु २०२४ नंतर आपल्या भागात ते शहाणपणाचे आहे. ग्रामसुरक्षा यंत्रणेच्या फोनवरून ‘उद्या सकाळी शाळेची मुले ड्रोन उडवणार आहेत’ असा निरोप गेला तर कोणी काठी शोधत नाही, उलट पाहायला येतात. सूर्यास्तानंतर नवशिक्याने ड्रोन हवेत ठेवूच नये. उडवताना रस्त्यावरून दिसेल अशा जागी उभे राहावे, अंगात शाळेचा किंवा मंडळाचा गणवेश अथवा भडक रंगाचे जाकीट असावे, सोबत एक जण असावाच. त्याचे काम दोन: आकाशाकडे पाहणे आणि जवळ येणाऱ्या माणसाशी बोलणे. ज्याच्या हातात रिमोट आहे त्याने कोणाशीही बोलू नये. कोणी रागाने विचारले तर आधी ड्रोन उतरवावा, पंखे थांबू द्यावेत, मग शांतपणे चित्र दाखवावे. ओळखपत्र, बिल आणि नोंदणी क्रमांक खिशात असावा. जमाव वाढू लागला तर ड्रोन तेथेच सोडून ११२ क्रमांकावर फोन करून मुलांना घेऊन निघावे. यंत्र पुन्हा घेता येते.

ड्रोनमुळे कोणाला इजा झाली किंवा मोठा अपघात झाला तर तो ४८ तासांच्या आत शासनाच्या त्याच ऑनलाइन व्यवस्थेत कळवावा लागतो. पंख्याने बोट कापणे ही सर्वांत सामान्य दुखापत आहे. पंखे फिरत असताना ड्रोन हाताने पकडायचा नाही, बॅटरी काढल्याशिवाय पंखे बदलायचे नाहीत आणि लहान भावंडांना तीन-चार मीटर मागे उभे करायचे.

ज्यांना प्रत्यक्ष शिकायचे आहे त्यांच्यासाठी, पावसाळा संपल्यावर, शाळेच्या मोठ्या मैदानावर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात ते नऊ सराव ठेवला आहे. तेव्हा वारा कमी असतो आणि ऊन चढलेले नसते. आठवीपासून पुढचे विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी येऊ शकतात. अठरा वर्षांखालील मुलाबरोबर आई किंवा वडील हवेत. स्वतःचा ड्रोन नसला तरी चालेल, प्रयोगशाळेतला आहे. असलाच तर बॅटरी रात्री नव्हे, सकाळी उठल्यावर चार्ज करून आणावी.